गृहपाठातला पाठ

मराठीत ज्याला गृहपाठ म्हणतात त्याला हिंदीत गृहकार्य म्हणतात. पाठ दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. कार्य घेता येते, आणि रायपूरच्या गोल बाजारात आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत ते राजरोस करून मिळते. लग्नाचे सामान, पूजेचे सामान, मसाले, बांगड्या यांच्याच रांगेत शालेय वस्तूंची दुकाने आहेत. तिथे ‘भारतीय वाद्य’ असा छापील तक्ता मिळतो. सतार, तबला, सारंगी, शहनाई, बासरी, सगळे चौकोनात बसवलेले. चौकोन कापायचे, चार्ट पेपरवर चिकटवायचे, खाली नाव लिहायचे, की संगीताचा प्रोजेक्ट झाला. शेजारीच कबीराचा तक्ता आहे. तो चिकटवला की भाषेचा प्रोजेक्ट झाला. सारंगीचा आवाज ऐकलेला नसला आणि कबीराचा एकही दोहा मोठ्याने म्हटलेला नसला तरी दोन्हीकडे दहापैकी नऊ गुण मिळतात.

दुकानदाराशी माझे भांडण नाही. मागणी आहे म्हणून तो विकतो. माझे भांडण मागणी करणाऱ्यांशी आहे, म्हणजे आपल्याशी: पालक, शिकवणीवाले, शाळा, आणि संस्कृतीचे नाव घेणारी आपली मंडळे यांच्याशी. मी पोटासाठी अनुवाद करते. संध्याकाळी बाजारामागच्या गल्लीतली काही मुले वह्या घेऊन माझ्याकडे येतात. काही मराठी घरांतली, काही हिंदी, काहींच्या घरी छत्तीसगढी. बहुतेकांना भाषेच्या विषयात मदत हवी असते. दोघी-तिघी संगीताच्या परीक्षेलाही बसतात आणि त्याची वहीही सोबत आणतात. ‘काकू, एवढं लिहून द्या’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते मला नमस्कारासारखे वाटते. कुणी कुंजीतले उत्तर उतरवून आणतो आणि फक्त अक्षर सुधारून मागतो. कुणाच्या आईने फोनला विचारून निबंध काढलेला असतो. त्यात सातवीतला मुलगा ‘बहुआयामी व्यक्तित्व’ असे लिहितो आणि वाचताना ‘बहु’ आणि ‘आयामी’ यांच्या मध्ये श्वास घेतो.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच: शाळेच्या भाषेत आणि संगीताच्या प्राथमिक धड्यांत मुलाला मदत करायची असेल तर ती कानाने केली पाहिजे. आपण ती डोळ्याने आणि हाताने करतो. आणि हे दोन विषय वेगवेगळ्या माणसांकडे, वेगवेगळ्या फीवर, वेगवेगळ्या वारी सोपवून आपण दोन्ही विषयांचा नाश करतो.

पाठ्यपुस्तकांची नावे बघा. एनसीईआरटीने 2023 मध्ये पहिली-दुसरीसाठी नवी पुस्तके आणली: हिंदीचे ‘सारंगी’, इंग्रजीचे ‘मृदंग’. पुढच्या वर्षी तिसरीचे हिंदी पुस्तक ‘वीणा’ झाले आणि इंग्रजी ‘संतूर’. सहावीचे हिंदी ‘मल्हार’, इंग्रजी ‘पूर्वी’. 2025 च्या एप्रिलमध्ये केरळच्या शिक्षणमंत्र्यांनी आक्षेप घेतला की इंग्रजीच्या पुस्तकांना हिंदी नावे कशासाठी? वाद झाला आणि तो भाषेचा झाला. दोन्ही बाजू आपापल्या जागी बोलल्या. पण मृदंगाच्या बाजूने कोणी बोलले नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मृदंग आहे, तर आत, वर्गात, घरी, मुलाच्या मांडीवर दोन हातांनी ठोका धरायला कोणी शिकवते का, हा प्रश्न कोणाला पडला नाही. पूर्वी हा राग आहे, भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी एकाचे नाव आहे. माझ्याकडच्या एका मराठी मुलीने ते ‘फार पूर्वी’तले पूर्वी समजून घेतले होते आणि पुस्तकात जुन्या काळच्या गोष्टी असणार असे धरून चालली होती. तिला हसू नये. तिला जी भाषा घरात मिळाली त्या भाषेप्रमाणे तिने अर्थ लावला. रागाचे नाव पुस्तकाला देऊन राग न ऐकवणाऱ्यांनी मात्र काहीच अर्थ लावलेला नाही.

आता ‘मात्रा’ घ्या. मराठी घरातल्या मुलासाठी मात्रा म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ: काना, मात्रा, वेलांटी. हिंदीच्या वर्गात त्याच मुलाला कळते की कानाही मात्रा, वेलांटीही मात्रा, उकारही मात्रा. चार-सहा वर्षांनी छंदाचा धडा येतो. तिथे मात्रा म्हणजे उच्चाराला लागणारा काळ, लघूची एक, गुरूची दोन. त्याच आठवड्यात संगीताच्या शिकवणीत तीनतालाच्या सोळा मात्रा पाठ करायच्या असतात. एक शब्द, चार अर्थ, आणि कोणीही त्याला सांगत नाही की यातले शेवटचे दोन अर्थ एकच आहेत आणि दुसराही त्यांच्या जवळचाच आहे. चौपाईच्या चरणात सोळा मात्रा असतात आणि तीनतालाच्या आवर्तनातही सोळा. हा योगायोग मुलाला दाखवून दिला तर तो त्यावर दिवसभर खेळेल. दाखवायला भाषेचा शिकवणीवाला ताल जाणणारा हवा, किंवा तबल्याच्या मास्तरांनी चौपाई म्हणायला हवी. आपण दोघांना भेटूच देत नाही.

त्यात चिन्हांचा घोळ. हिंदी छंदशास्त्रात गुरूची खूण ऽ अशी काढतात, लघूची उभी रेघ. भातखंडे लिपीत गीताचे अक्षर पुढच्या मात्रेवर लांबवायचे असेल तर तिथेही ऽ काढतात. म्हणजे एका वहीत ऽ याचा अर्थ दोन मात्रांचे अख्खे अक्षर, दुसऱ्या वहीत आधीच्या अक्षराची फक्त पुढची एक मात्रा. मराठी व्याकरणात गुरूला आडवी रेघ. तीच आडवी रेघ भातखंडे लिपीत स्वर लांबवायला. तालाच्या खुणांत भातखंडे समेला गुणिले देतात, तर पलुस्करांच्या लिपीत अधिकचे चिन्ह खालीला असते. आणि ‘खाली’ हा शब्द तर मराठी मुलाला ‘वर-खाली’तला वाटतो. रिकामी टाळी हे त्याच्या डोक्यात येतच नाही, कारण तो अर्थ हिंदीतून आलेला. हे सगळे गोंधळ खरे आहेत आणि सोडवता येण्यासारखे आहेत. मुलाला मदत म्हणजे हीच. कुंजीत यातले काहीही नाही. कुंजीत ‘मात्रा किसे कहते हैं’ याचे दोन ओळींचे उत्तर आहे.

मी काय करते ते सांगते, कारण टीका करणाऱ्याने स्वतःचे दुकान उघडून दाखवावे. मी मुलांना ‘गोल बाजार’ म्हणायला लावते. गो दोन, ल एक, बा दोन, जा दोन, र एक. आठ. केरवा आठ मात्रांचा. मांडीवर ठोका धरून म्हणायचे: गो ऽ ल बा, ऽ जा ऽ र. पाचव्या मात्रेवर खाली येते, आणि ती ‘बा’च्या पोटात येते, अक्षर सुरू झाल्यावर. मुलांना हे तोंडाने सापडते. त्यांना वाटते बाजाराच्या नावात कोणीतरी मुद्दाम लपवून ठेवले आहे. मग मी विचारते, आता आपल्या गावाचे नाव. हिंदी घरातला मुलगा म्हणतो रायपुर: रा दोन, य एक, पु एक, र एक, पाच. मराठी मुलगी म्हणते रायपूर: सहा. भांडण जुंपते. ती दादरा म्हणते, त्याला कुठला ताल द्यावा कळत नाही. दोघेही बरोबर आहेत. मराठीत शेवटी अकार असला की त्याच्या आधीचा इकार-उकार सहसा दीर्घ लिहितात आणि म्हणतात, म्हणून नागपूर, कोल्हापूर, रायपूर. हिंदी लिहिण्यात तो ऱ्हस्व राहतो. व्याकरणातला रुक्ष नियम, मराठीच्या पेपरात दोन गुणांचा, इथे एका मात्रेचा फरक होऊन कानावर पडतो. पुढे दोह्याचे तेरा-अकरा मोजायला त्या मुलांना पेन्सिल लागली नाही. बोटे लागली.

संगीताच्या शिकवणीत काय होते ते मी वह्यांतून बघते. प्रवेशिकेच्या वहीत पहिली वीस पाने व्याख्या: नाद, श्रुती, स्वर, सप्तक, अलंकार, वादी, संवादी. सगळ्या सुवाच्य. वादी-संवादीची व्याख्या बिनचूक लिहिणाऱ्या मुलीला मी म्हटले, भूपात वादी कुठला? ‘गंधार’, तिने ताबडतोब सांगितले. म्हटले, ऐकव. ती म्हणाली, ‘ते लेखीत आहे.’

ते लेखीत आहे! भातखंडे यांनी हे ऐकले असते तर? मुंबईचा हा वकील गावोगाव फिरला, उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, लिपी बसवली, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ मराठीत लिहिला, तोही गुरुशिष्यांच्या संवादात. शिष्य विचारतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा विचारतो. आपल्या परीक्षेची प्रश्नोत्तरे त्याच ग्रंथाच्या सावलीत वाढली आणि त्यातला शिष्य तेवढा मेला. प्रश्न आता कोणी विचारत नाही, तो छापलेला असतो. ‘क्रमिक पुस्तक मालिके’त तर बंदिशी बहुतांश ब्रज आणि तिच्या शेजारच्या बोलींतल्या, आणि मूळ विवेचन मराठी. ती पुस्तके पुढे हिंदीत आली, हाथरसहून छापली गेली, आणि हिंदी मुलखातल्या संगीतशाळांनी ती वापरली. रायपूरहून खैरागढ फार दूर नाही. तिथे 1956 मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय झाले आणि सुरुवातीच्या वर्षांत भातखंडे यांचेच शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. म्हणजे आमच्या भागात संगीत शिकणारे प्रत्येक मूल मराठी आणि हिंदीच्या मध्ये झालेल्या एका मोठ्या अनुवादावर उभे आहे. ते त्याला कोणी सांगत नाही.

ब्रजचेच बघा. दहावीच्या ‘क्षितिज’मध्ये सूरदासाची पदे आहेत, नववीच्या ‘क्षितिज’मध्ये रसखानाचे सवैये नेमलेले असत. ट्यूशनमध्ये त्यांचा भावार्थ लिहून देतात: उद्धव, गोपी, योग, विरह. मुले म्हणतात, ही भाषा कळत नाही. त्यातलीच एक मुलगी बुधवारी आणि शनिवारी संगीताच्या शिकवणीत त्याच भाषेतली बंदिश गाते, न अडखळता, क्रियापदांच्या शेवटांसकट. तिला ब्रज येते. तिला ती येते हे तिच्या हिंदीच्या शिकवणीवाल्याला माहीत नाही, संगीताच्या बाईंनी त्या शब्दांना कधी भाषा म्हटलेले नाही, आणि तिला स्वतःला दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायला वेळ दिलेला नाही. पालक दोन ठिकाणी फी भरतात. एका ठिकाणची कमाई दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, जणू दोन देशांची चलने.

याच गावात असे नव्हते, असे होऊ नये असे एकाने दाखवून दिले आहे. हीरालाल काव्योपाध्याय. एकोणिसाव्या शतकातले शाळामास्तर, पुढे धमतरीच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी छत्तीसगढीचे व्याकरण लिहिले आणि ग्रियर्सनने त्याचा इंग्रजी अनुवाद 1890 मध्ये प्रसिद्ध केला. एवढे स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ठाऊक असते, कारण त्यावर एक गुणाचा प्रश्न येतो. याच माणसाने शाळेतल्या मुलांसाठी गाण्यांचे पुस्तक केले, ‘शाला गीत चंद्रिका’, आणि ‘काव्योपाध्याय’ ही पदवी त्यांना मिळाली ती बंगालच्या संगीत अकादमीकडून. व्याकरण लिहिणारा आणि वर्गासाठी गाणी रचणारा एकच माणूस, आणि तो प्राध्यापक नव्हे, शाळामास्तर. राज्यगीताचे कवी नरेंद्र देव वर्मा हेही छत्तीसगढी भाषेचे अभ्यासक होते. मुले ते गीत प्रार्थनेच्या वेळी रोज म्हणतात. त्यातल्या नद्यांची नावे त्यांना लयीत पाठ आहेत. भूगोलाच्या वहीत तीच नावे चुकीची लिहितात. गाण्यातून वहीत येण्याचा रस्ता कोणी बांधलेलाच नाही.

आता आपल्या मराठी मंडळींकडे येते. रायपुरात आपण भोसल्यांच्या काळापासून आहोत, तात्यापाऱ्याचे नाव अजून आहे. माधवराव सप्रे याच गावात राहिले आणि 1926 मध्ये इथेच वारले. त्यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. शेजारच्या राजनांदगावला गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदी, आणि धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिणारे. आपण या नावांचा अभिमान बाळगतो, त्यांचे फोटो लावतो. पण त्यांच्याजवळ जे होते, दोन भाषा एकाच कानात नांदवण्याची सवय, ती आपण मुलांना देत नाही. देतो काय? गणेशोत्सवात अभंगाची स्पर्धा. मुलगा अभंग गातो, सुरात, टाळ्या मिळतात, वाटी किंवा डबा बक्षीस मिळतो. त्याला विचारा, ‘पाहे’ म्हणजे काय, ‘तुझिया’ कशाचे रूप. गप्प. अभंगाच्या चरणात अक्षरे मोजतात, मात्रा नव्हे, आणि दोह्यात मात्रा मोजतात, अक्षरे नव्हे, हे सांगायला किती वेळ लागतो? पाच मिनिटे. पाच मिनिटांत त्या मुलाला दोन भाषांच्या काव्याचा फरक हातात मिळाला असता. पण आपल्याला मुलाने मराठी गायलेले हवे असते, कळलेले नव्हे. गाणे म्हणजे आपल्यासाठी संस्कार. संस्कार झाला की भाषा शिकवायची जबाबदारी संपते. घटनेचे कलम 350 क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी असे म्हणते. ते 1956 पासून कागदावर आहे. मंडळांच्या सभेत त्याचा उल्लेख होतो तेव्हा सगळे माना डोलवतात. सरकारने काय केले नाही यावर मीही बोलू शकते, पण आठवड्यातून एक तास चार मुलांना घेऊन बसायला कलम लागत नाही.

यावर मला काय ऐकवले जाते तेही सांगते. पहिले, ‘आम्हाला वेळ नाही.’ खरे आहे. दुकान रात्री मिटते, दोघेही कामावर असतात. म्हणूनच विचारते, वेळ कशात जातो? 2020 च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला एक तास, असे लिहिलेले आहे. ते धोरण पाळले तर वेळच वेळ आहे. ते न पाळणाऱ्या एका शाळेतून तिसरीच्या मुलाला एका आठवड्यात तीन तक्ते आणि एक थर्मोकोलचे किल्लेवजा काहीतरी सांगितले गेले. मुलाच्या आईने रात्री साडेअकरापर्यंत बसून ते केले. तेवढ्या वेळात ती त्याच्याबरोबर अख्खे पुस्तक मोठ्याने वाचू शकली असती. मी तिला तसे म्हटले तर ती म्हणाली, ‘वाचनाचे गुण कुठे आहेत?’ तिचे चुकत नाही. चुकते आहे ते तिच्याकडून किल्ला मागणाऱ्यांचे. पण पालकसभेत हे विचारायला कोणी उठत नाही, कारण किल्ला सगळ्यांनीच रात्री बांधलेला असतो.

दुसरे, ‘आम्हाला गाता येत नाही, आम्ही बेसूर.’ गा असे कोण म्हणते? टाळी वाजवता येते ना? दोह्याच्या तेराव्या मात्रेनंतर थांबता येते ना? मुलाने हिंदीचा धडा म्हटला आणि तुम्ही शेजारी भाजी निवडत ऐकले, एखाद्या शब्दाला ‘पुन्हा म्हण’ म्हटले, तर ती मदत आहे. कुंजी आणून देण्यापेक्षा मोठी. तिसरे, जरा शिकलेल्या लोकांचे: ‘हिंदी-मराठी एकत्र शिकवले की मुलांची दोन्ही बिघडते.’ उलट आहे. वेगळी ठेवली म्हणून बिघडते. मुलाला ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड हे आपोआप कळते, कारण चुकले की लोक हसतात. पण ‘अभ्यास’ मराठीत पुस्तक घेऊन बसणे आणि हिंदीत सराव, रियाज, हे कळायला कोणी हसत नाही, म्हणून ते कळतच नाही. मराठी आई म्हणते ‘अभ्यास कर’, मुलगी हार्मोनियम बंद करते आणि वही उघडते. मी ही गोष्ट एका आईला सांगितली तेव्हा तिला ती गंमत वाटली. मला नाही वाटत.

आणि फोनवाले. फोनला विचारले की निबंध मिळतो, भावार्थ मिळतो, आता रागाची माहितीही मिळते, आरोह-अवरोहासकट. मिळू दे. मी काही फोन फेकून द्या म्हणणार नाही. मी स्वतः शब्दकोश फोनवर बघते. पण माझ्या दाराशी दोन नियम आहेत, ते मुलांना पाठ आहेत. आणलेले उत्तर आधी मोठ्याने वाचायचे, आणि जिथे श्वास चुकेल तिथला शब्द बदलायचा, स्वतःच्या शब्दाने, मग तो हिंदी असो, मराठी असो की छत्तीसगढी. ‘बहुआयामी व्यक्तित्व’ लिहिणाऱ्या मुलाने तीन वेळा वाचून तिथे ‘कई काम जानने वाला’ असे केले. बाईंनी लाल पेनाने ते खोडून पुन्हा ‘बहुआयामी’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला, आता काय करू म्हणून. मी त्याला म्हटले, बाईंना विचार, हा शब्द त्या कुठे श्वास घेऊन म्हणतात. त्याने अजून विचारलेले नाही. त्याच्या आईला मी सांगितले आहे की पुढच्या पालकसभेला मी तिच्याबरोबर येईन.